चित्रप्रधान समाजमाध्यमे आणि लघुउद्योगांचे विपणन : पैठणीच्या व्यवसायाच्या आधारे काही विचार

लघुउद्योजकाने आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी इन्स्टाग्राम, पिंटरेस्ट यांसारख्या चित्रप्रधान समाजमाध्यमांचा आश्रय करावा किंवा नाही, हा प्रश्न आज वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर बहुधा दोन टोकांनी दिले जाते. एका पक्षाच्या मते ही माध्यमे म्हणजे विनाभाड्याचे दुकान होय. दुसऱ्या पक्षाच्या मते तो केवळ कालापव्यय होय. दोन्ही उत्तरांत एक समान दोष आहे. विकावयाचा माल कोणता, त्यावर सुटणारा नफा किती आणि उत्पादनाची मर्यादा कोणती, याचा विचार न करताच माध्यमाविषयी निर्णय दिला जातो. प्रस्तुत लेखात या तीन बाबींचा विचार येवल्याच्या पैठणीच्या आधारे करावयाचा आहे. पैठणीचे सौंदर्य चित्रात उतरते, परंतु तिचे मूल्य ज्या गुणांवर अवलंबून असते त्यांपैकी पुष्कळ गुण चित्रात उतरत नाहीत. म्हणून हे उदाहरण विशेष बोधप्रद ठरते.

प्रथम माध्यमांचे स्वरूप पाहू. इन्स्टाग्राम व पिंटरेस्ट ही दोन्ही माध्यमे २०१० साली सुरू झाली. परंतु त्यांची रीत एक नव्हे. पिंटरेस्टवर मनुष्य बहुधा काहीतरी शोधण्यासाठी जातो आणि आवडलेली चित्रे पुढील उपयोगासाठी संग्रही ठेवतो. शिवाय तेथील चित्र मूळ संकेतस्थळाशी जोडता येते. त्यामुळे जुने चित्रही दीर्घकाळ कामास येते. इन्स्टाग्रामवर नव्या चित्रांचा ओघ अखंड चालू असतो आणि एखादे चित्र लवकरच मागे पडते. विक्रेत्याशी तेथल्या तेथे संभाषण करता येणे ही मात्र त्याची मोठी सोय होय.

चित्र ग्राहकास नेमके काय सांगते, हा यापुढील प्रश्न. फिलिप नेल्सन यांनी १९७० साली मालाच्या गुणांचे दोन वर्ग कल्पिले : खरेदीपूर्वी पाहून पारखता येणारे शोधगुण, आणि वापरानंतरच कळणारे अनुभवगुण. १९७३ साली मायकेल डार्बी व एडी कार्नी यांनी त्यांत तिसऱ्या वर्गाची भर घातली. जे गुण वापरानंतरही सामान्य ग्राहकास सहजी पारखता येत नाहीत, त्यांस आपण विश्वासगुण म्हणू. चित्राचे सामर्थ्य मुख्यतः पहिल्या वर्गापुरते मर्यादित असते. लोणच्याची चव अथवा शिवणीचा टिकाऊपणा चित्रात दिसत नाही.

पैठणीच्या बाबतीत रंगसंगती, काठाची रुंदी, पदरावरील मोर, कमळ वा आसावली हे शोधगुण होत. परंतु रेशीम शुद्ध आहे काय, जर कोणत्या प्रतीची आहे आणि वस्त्र हातमागावरचे आहे की यंत्रमागावरचे, हे बहुतांशी विश्वासगुण होत. यंत्रमागावरील नक्कल लहानशा पडद्यावर अस्सल पैठणीसारखीच भासते. किंमत मात्र पुष्कळच कमी असते. ग्राहकास दोहोंतील भेद कळेनासा झाला की तो अस्सल मालासही नकलेचाच भाव देऊ पाहतो आणि चांगला माल बाजारातून मागे हटू लागतो. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन हीच प्रक्रिया विशद केली होती. यावरून असे दिसून येईल की, केवळ सुंदर चित्रे प्रसृत केल्याने हातमागाच्या विणकराचा लाभच होईल असे नाही; त्यायोगे नकलेच्या विक्रेत्याचाही तितकाच, किंबहुना अधिक, लाभ होणे संभवते.

तथापि यावर उपायही चित्रातच आहे. अस्सल पैठणीच्या पदरावरील नक्षी रंगीत रेशमाच्या छोट्या कांड्यांनी हाताने बाणा गुंफून विणली जाते. त्यामुळे ती उलट व सुलट अशा दोन्ही बाजूंनी जवळजवळ सारखीच दिसते. नकलेच्या पाठीमागे बहुधा सुटे अथवा कापलेले धागे आढळतात. म्हणून पदराच्या उलट बाजूचे एक स्पष्ट छायाचित्र, विपणनाच्या दृष्टीने, सजवलेल्या दहा छायाचित्रांहून अधिक उपयुक्त होय. मागावर चाललेल्या कामाचे चलचित्रही असाच पुरावा पुरवते. परंतु रेशमाची शुद्धता अशाने सिद्ध होत नाही; तिच्यासाठी २००४ साली केंद्रीय रेशीम मंडळाने आणलेले सिल्क मार्क, तसेच हातमागाच्या ग्वाहीसाठी २००६ पासूनचे हँडलूम मार्क, अशा बाह्य प्रमाणचिन्हांचा आधार घ्यावा लागतो. चित्र लक्ष वेधते. विश्वास मात्र पुराव्याने आणि प्रमाणाने उत्पन्न होतो.

आता उत्पादनाच्या मर्यादेकडे वळू. साध्या नक्षीच्या पैठणीस काही आठवडे, तर भरगच्च पदराच्या पैठणीस कित्येक महिने लागतात. अशा उद्योगात सहस्रावधी लोकांनी चित्र पाहिले तरी मागावरून उतरणाऱ्या वस्त्रांची संख्या वाढत नाही. उलट विणकर छायाचित्रे काढण्यात व पृच्छांना उत्तरे देण्यात जितका वेळ घालवील, तितके विणकाम घटेल. तेव्हा येथे प्रसिद्धीचा हेतू विक्रीची संख्या वाढविणे हा नसून, प्रत्येक वस्त्रामागे विणकराच्या हाती राहणारा हिस्सा वाढविणे हा असावयास हवा. व्यापाऱ्यास देण्याऐवजी ग्राहकास थेट विकल्याने तो वाढतो किंवा नाही, हीच खरी कसोटी.

एका कल्पित हिशेबाने हे स्पष्ट होईल. समजा, एक पैठणी विणकराकडून व्यापारी १५,००० रुपयांस घेतो आणि थेट ग्राहक तिचे २०,००० रुपये देतो. म्हणजे थेट विक्रीचा अधिक लाभ ५,००० रुपये. महिन्याचा जाहिरातखर्च ४,००० रुपये, आणि या कामी गेलेल्या २० तासांचे मोल ताशी १०० रुपयांप्रमाणे २,००० रुपये, असा एकूण खर्च ६,००० रुपये झाला. त्या महिन्यात एकच थेट विक्री झाली तर १,००० रुपयांची तूट येईल. दोन झाल्या तर ४,००० रुपये उरतील. तोच खर्च लोणचे विकणाऱ्या गृहउद्योगाने केला आणि प्रत्येक बरणीवर ९० रुपये सुटत असले, तर खर्च भरून येण्यास ६७ बरण्या अधिक खपल्या पाहिजेत. मात्र लोणच्याचा ग्राहक संतुष्ट झाल्यास पुनःपुन्हा येतो. पैठणीचा ग्राहक क्वचितच तसा येतो. यास्तव पहिल्या उद्योगात वर्षभराच्या खरेदीचा हिशेब धरणे न्याय्य ठरेल; दुसऱ्यात प्रत्येक विक्रीने आपला खर्च स्वतःच भरून काढला पाहिजे.

या हिशेबात ‘अधिक’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जो ग्राहक एरवीही येणारच होता, त्याची खरेदी जाहिरातीच्या खात्यावर मांडता येत नाही. अनुयायांची संख्या अथवा पसंतीच्या खुणा यांवरून तर विक्रीचे अनुमान मुळीच करता येत नाही. लग्नसराईत पैठणीची मागणी आपोआप वाढते. त्या काळातील जाहिरातीस त्या वाढीचे सर्व श्रेय देणे चुकीचे होईल. एकाच हंगामात काही आठवडे जाहिरात चालू ठेवून काही आठवडे थांबविणे, आणि प्रत्येक ग्राहकास माहिती कोठून मिळाली हे विचारून नोंदविणे, एवढी साधी पद्धतही पुष्कळ उपयोगी पडते.

अखेरीस पराधीनतेचा प्रश्न उरतो. इन्स्टाग्रामने २०१६ साली चित्रे कालक्रमाने दाखविण्याची रीत बदलण्याचे जाहीर केले. तेव्हापासून कोणाचे चित्र कोणास दिसावे हे मुख्यतः माध्यमाची गणिती पद्धती ठरवते. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ उपयोजनांवर बंदी घातली, तेव्हा तेथे जमविलेला अनुयायीवर्ग विक्रेत्यांना एकाएकी गमवावा लागला. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम व व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास बंद पडली. तेव्हा एकाच कंपनीच्या दोन माध्यमांवर विसंबणे म्हणजे धोका विभागणे नव्हे, हेही दिसून आले. म्हणून माध्यमातून आलेल्या ग्राहकाचे नाव व पत्ता, त्याच्या संमतीने, स्वतःच्या वहीत नोंदवून ठेवणे हा विवेकी उद्योजकाचा पहिला नियम असावा.

सारांश, मालाचे निर्णायक गुण डोळ्यांना दिसणारे असतील अथवा पुराव्याने दाखविता येण्यासारखे असतील, प्रत्येक अधिक विक्रीवरील लाभ पैशांचा व वेळेचा खर्च सोसण्याइतका असेल, आणि मिळालेला ग्राहक माध्यमाबाहेरही आपला राहील अशी तजवीज केली असेल, तर ही माध्यमे लघुउद्योजकास उपकारक ठरतात. यांपैकी एकही अट पुरी होत नसेल तर त्यांपासून दूर राहण्यात नुकसान नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी या विषयाचे क्षेत्रीय संशोधन हाती घेतल्यास, अनुयायांची गणना करण्याऐवजी विणकराच्या हाती वस्त्रामागे उरणाऱ्या रकमेची नोंद वर्षभर ठेवावी. या प्रश्नाचा निर्णय त्याच आकड्यावर अवलंबून आहे.