जुन्या नियतकालिकांतील इलेक्ट्रॉनिक मंडलांची पुनर्बांधणी : जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या संदर्भात

प्रास्ताविक

इलेक्ट्रॉनिक्सच्या हौशी अभ्यासकांसाठी निघणाऱ्या जुन्या नियतकालिकातील एखादे मंडल आज पुन्हा बांधणे हे काम वरवर पाहता सोपे वाटते. आकृती छापलेली असते, घटकांची यादी शेजारी असते. उरते ते डाख देणे. परंतु छापील आकृती म्हणजे मंडलाचे संपूर्ण वर्णन नव्हे. त्या काळचे ट्रान्झिस्टर, मोजमापाची साधने, उपकरण ज्या खोलीत वापरले जाणार तेथील तापमान या बाबी मूळ लेखकाने गृहीत धरलेल्या असतात व त्या कागदावर क्वचितच उतरतात. प्रस्तुत लेखात १९६० च्या दशकातील जर्मेनियम ट्रान्झिस्टरच्या मंडलांच्या आधारे या अलिखित भागाचा विचार केला आहे. पदवी वर्गाच्या प्रकल्पांसाठी अशी मंडले निवडली जातात तेव्हा या भागाकडे सहसा दुर्लक्ष होते.

ब्रिटनमधील 'प्रॅक्टिकल वायरलेस' हे नियतकालिक १९३२ मध्ये व 'प्रॅक्टिकल इलेक्ट्रॉनिक्स' १९६४ मध्ये सुरू झाले. भारतात 'इलेक्ट्रॉनिक्स फॉर यू' १९६९ पासून निघू लागले. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने जर्मेनियम अर्धवाहकांचे उत्पादन १९६२ मध्ये हाती घेतले होते. ओसी-७१, ओसी-४४, ओसी-४५ ही नावे त्या दशकातील ब्रिटिश मंडलांत वारंवार भेटतात. हे सर्व पी-एन-पी जातीचे असल्यामुळे त्या आकृत्यांत बॅटरीचे धन टोक भूमीला जोडलेले असते. आजच्या विद्यार्थ्याची पहिली गफलत बहुधा येथेच होते.

गळती प्रवाह आणि तापमान

जर्मेनियम ट्रान्झिस्टरचा मुख्य दोष म्हणजे त्यातील गळती प्रवाह. बेसला काहीही जोडलेले नसतानाही कलेक्टरमधून थोडा प्रवाह वाहतोच, आणि तापमान सुमारे १० अंश सेल्सिअसने वाढले की तो जवळजवळ दुप्पट होतो. एक साधे उदाहरण घेऊ. ९ व्होल्टची बॅटरी, कलेक्टरमध्ये ४.७ किलोओहमचा रोध आणि बेसला बॅटरीकडून एकाच मोठ्या रोधातून दिलेला प्रवाह, अशी मांडणी आहे. ट्रान्झिस्टरची प्रवाहवृद्धी ६० व मूळ गळती ५ मायक्रोअँपिअर मानली, तर २५ अंशांना कलेक्टरमधील गळती ०.३ मिलिअँपिअर होते. त्यात बेसच्या प्रवाहामुळे येणारे ०.७ मिलिअँपिअर मिळवले की एकूण १ मिलिअँपिअर होतो. रोधावर ४.७ व्होल्ट पडतात. म्हणजे मंडल मध्यावर स्थिर असते व ध्वनिसंकेताला दोन्ही बाजूंना वाव मिळतो.

आता तेच मंडल मे महिन्यात नागपूरला ४५ अंशांवर ठेवले असे समजू. गळती चौपट, म्हणजे १.२ मिलिअँपिअर होईल. एकूण प्रवाह १.९ मिलिअँपिअर आणि रोधावरील विभवांतर सुमारे ८.९ व्होल्ट. ट्रान्झिस्टर संपृक्त झाला, आवाज चिरकला. विद्यार्थी डाख पुन्हा पुन्हा तपासतो, परंतु डाख निर्दोष असतो. लंडनच्या हवेत ही मांडणी चालत होती, एवढाच याचा अर्थ.

पर्यायी घटकांचा प्रश्न

यावर 'जर्मेनियमऐवजी सिलिकॉन बसवा' हा उपाय सर्रास सांगितला जातो. बीसी-५५७ हाही पी-एन-पी असल्याने ध्रुवता बदलावी लागत नाही आणि गळती नगण्य होते. तथापि वरील मांडणीत बेसचा प्रवाह सुमारे ११.७ मायक्रोअँपिअर आहे. बीसी-५५७ ची प्रवाहवृद्धी २५० धरल्यास कलेक्टरला २.९ मिलिअँपिअर हवे होतात. ९ व्होल्ट व ४.७ किलोओहममध्ये ते शक्यच नाही. येथे ट्रान्झिस्टर कोणत्याही ऋतूत संपृक्त राहील. याउलट जेथे बेसला दोन रोधांच्या विभाजकातून १.२ व्होल्ट मिळतात आणि एमिटरमध्ये १ किलोओहमचा रोध असतो, तेथे जर्मेनियमचा प्रवाह १ मिलिअँपिअर, तर सिलिकॉनचा जेमतेम ०.५५ मिलिअँपिअर भरतो. कारण बेस व एमिटर यांमध्ये जर्मेनियमला सुमारे ०.२, तर सिलिकॉनला ०.६५ व्होल्ट लागतात.

म्हणजे घटक बदलला की रोधही नव्याने काढावे लागतात. तसे केल्यावर उपकरण चालेल, मात्र ते मूळ मंडल राहिले काय? प्रस्तुत लेखकाच्या मते ते नवे मंडल होय, आणि प्रकल्पवहीत त्याची तशीच नोंद हवी. नव्या रोधांचे गणित हाच अशा प्रकल्पातील खरा अभ्यास असतो. 'मंडल यशस्वीरीत्या चालले' या एका वाक्यात तो गडप होतो.

मोजमाप, दुरुस्त्या आणि जाहिराती

जुन्या लेखांतील व्होल्टचे आकडे बहुधा दर व्होल्टला २०,००० ओहम असणाऱ्या काटेरी मीटरने घेतलेले असतात. 'ॲव्हो' मॉडेल ८ हा त्यांतील सुपरिचित मीटर. १० व्होल्टच्या पल्ल्यावर त्याचा रोध २ लाख ओहम होतो. आजच्या अंकीय मीटरचा साधारणतः १ कोटी ओहम असतो. त्यामुळे उच्च रोधाच्या बिंदूवर नवा मीटर छापील आकड्यापेक्षा अधिक व्होल्ट दाखवतो. हा दोष मंडलाचा नव्हे.

आकृतीतील चुकांची दुरुस्ती पुढील एखाद्या अंकात कोपऱ्यात छापली जाई, म्हणून एकच अंक हाताशी असून भागत नाही. ग्रंथालयांनी खंड बांधताना जाहिरातींची पाने काढून टाकण्याची प्रथा होती, ही मोठी हानी होय. कोणता घटक त्या काळी काय भावाने मिळे आणि दुकानदार त्याऐवजी काय देत असत, हे त्या पानांवरूनच कळते. महाविद्यालयात असे जुने खंड असतील तर ते रद्दीत काढण्यापूर्वी भौतिकशास्त्र व इतिहास या दोन्ही विभागांना दाखवावेत.

ज्या जुन्या मंडलांत रोहित्र नाही आणि घरगुती विजेची एक तार थेट धातूच्या सांगाड्याला जोडलेली आहे, ती विद्यार्थ्यांना बांधू देऊ नयेत.

जुने घटक

मूळ घटकच वापरण्याचा आग्रह धरल्यास आणखी एक अडचण येते. एएफ-११७ या ट्रान्झिस्टरच्या कवचात आतून कथिलाचे केसासारखे तंतू वाढतात व कवच आणि अग्रे यांना जोडून टाकतात. न वापरलेला, डबीत जपून ठेवलेला नगही त्यामुळे निकामी झालेला आढळतो. ओसी-७१ ची गोष्ट निराळी. त्याच्या काचेवरचा काळा रंग खरवडला की आत प्रकाश शिरून प्रवाह वाढतो. महागडा फोटोट्रान्झिस्टर टाळण्यासाठी हौशी मंडळी मुद्दाम तसे करीत, पुढे मात्र आतील भरण अपारदर्शक झाल्यावर ही युक्ती चालेनाशी झाली. जुना ओसी-७१ विकत घेताना त्याचा रंग कोठे उडाला आहे काय, हे पाहून घ्यावे. अन्यथा दिव्याखाली मंडल एक वागेल आणि अंधारात दुसरे.