पाच शब्दांत वाचलेलं डुक्कर

विल्बर हे डुकराचं पिल्लू. थंडी पडली की ते कापलं जाणार, हे ठरलेलं. मग गोठ्याच्या दारात राहणारी शार्लट ही कोळ्याची मादी जाळ्यात त्याच्या कौतुकाचे शब्द विणते, बघायला गर्दी लोटते आणि पिल्लू वाचतं. ई. बी. व्हाइट यांचं ‘शार्लट्स वेब’ १९५२ मध्ये अमेरिकेत आलं. गोष्ट एवढीच, पण तिच्यामागचे किस्से भरपूर!

खरं डुक्कर मेलं होतं
‘न्यूयॉर्कर’ साप्ताहिकाचे हे नामवंत लेखक मेन राज्यातल्या नॉर्थ ब्रुकलिनला शेतावर राहत. तिथलं त्यांचं डुक्कर आजारी पडलं. पुढे कापण्यासाठीच पाळलेलं, तरी त्याला वाचवायला त्यांनी जिवाचं रान केलं. ते दगावलं. त्यावर १९४८ मध्ये ‘अटलांटिक’ मासिकात त्यांनी लेख लिहिला. चार वर्षांनी गोष्टीतलं डुक्कर मात्र वाचलं.

कोळी निघाले न्यूयॉर्कला
गोठ्यातला कोळ्याच्या अंड्यांचा कोश व्हाइटनी कापून घेतला, खाऊच्या गोळ्यांच्या रिकाम्या खोक्यात ठेवला आणि थेट न्यूयॉर्कच्या घरी नेला. पिल्लं खोक्याच्या भोकांतून बाहेर आली आणि त्यांनी केसांचा ब्रश, नखं कापायची कात्री, आरसा यांच्यामध्ये धागे ताणले. घरकामाच्या बाईंनी हरकत घेतली, तेव्हा हा संसार आवरला.

आडनाव शास्त्रशुद्ध
नायिकेचं पूर्ण नाव शार्लट ए. कॅव्हॅटिका. गोठ्यात आढळणाऱ्या या कोळ्याचं शास्त्रीय नाव अरॅनियस कॅव्हॅटिकस. कोळ्यांवरचे ग्रंथ व्हाइटनी बारकाईने वाचले होते. म्हणूनच शार्लट आपल्या पायाच्या सातही भागांची नावं घडाघडा सांगते आणि ५१४ अंडी घालते.

बाईचा चेहरा नको
चित्रकार गार्थ विल्यम्स यांनी शार्लटला बाईचा चेहरा देऊन पाहिला. व्हाइट अडून बसले : कोळी कोळ्यासारखाच दिसला पाहिजे. तसाच तो दिसला.

संपादक शार्लट
टेंपल्टन नावाचा हावरा उंदीर उकिरड्यावरून कागदाचे कपटे आणतो आणि शार्लट शब्द निवडते. ‘कुरकुरीत’ हा शब्द ती फेटाळते, कारण डुकराबद्दल तो वाचून लोकांना थेट ताटच आठवेल! शर्टाच्या लेबलावरचा शब्दही बाद. साबणाच्या पाकिटावरचा मात्र पास. अख्ख्या पुस्तकात ती चारदा लिहिते, मूळ इंग्रजीत मोजून पाच शब्द. यात नवल नाही. अनावश्यक शब्द गाळा, असं बजावणारे प्राध्यापक विल्यम स्ट्रंक हे कॉर्नेल विद्यापीठात व्हाइटचे शिक्षक. त्यांचं छोटं लेखन-मार्गदर्शक व्हाइटनीच सुधारून, भर घालून १९५९ मध्ये पुन्हा आणलं. ‘द एलिमेंट्स ऑफ स्टाइल’ ते हेच.

फर्न आली उशिरा
विल्बरला पहिल्यांदा वाचवणारी फर्न ही मुलगी सुरुवातीच्या खर्ड्यात नव्हतीच. खर्डा पुरा झाल्यावर व्हाइटनी तो बाजूला ठेवून दिला. नंतर पुन्हा लिहायला बसले, तेव्हा फर्न थेट पहिल्या पानावर आली.

बक्षीस हुकलं
बालसाहित्यासाठीचं १९५३ चं न्यूबेरी पदक ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ला मिळालं, ‘शार्लट्स वेब’ मानाच्या यादीत राहिलं. आज वाचकांच्या तोंडी नाव कुणाचं आहे, हे सांगायला नको.

गाण्यांचा वैताग
१९७३ मध्ये गोष्टीवर कार्टूनपट निघाला. दर थोड्या वेळाने गोष्ट थांबवून कुणीतरी गाणं म्हणतं, हे व्हाइटना मुळीच रुचलं नाही.

मरण टाळलं नाही
ही कोळीण शरदात अंडी घालते आणि मरते, पिल्लं वसंतात निघतात. व्हाइटनी शार्लटसाठी निसर्गाचा नियम वाकवला नाही. मुलांसाठी लिहिताना खाली वाकायचं नसतं, उलट उंची राखायची असते, कारण मुलं अत्यंत चौकस वाचक असतात, असं त्यांचं मत होतं. पण १९७० मध्ये पुस्तक स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करताना शार्लटच्या मरणापाशी त्यांना रडू आवरेना. ते वाक्य नीट म्हणायला १७ प्रयत्न लागले, असं सांगतात.

घरात आठ-दहा वर्षांचं मूल असेल, तर हे पुस्तक त्याला मोठ्याने वाचून दाखवा. त्या पानावर गळा दाटून आला तर लाजू नका. खुद्द लेखकाचंही तेच झालं होतं.