पाखरांचे पाणी

चैत्र-वैशाखात ओढे आटतात, डबकी सुकतात. आपल्याला घाम येतो, अंग निवते. पाखरांना घाम येत नाही. ती चोच उघडी टाकून धापा टाकतात. म्हणून आम्ही परसात पाण्याचे परळ ठेवतो. खर्च काही नाही, मौज मात्र फार!

सकाळी चिमण्या येतात. पाण्यात उतरून पंख फडफडवतात. साळुंकी आली की त्यांना हुसकावते. सातभाई एकटा कधी येत नाही. सारी भावकी कलकलाट करीत येते. बुलबुल शेपटीखालच्या लाल डागावरून ओळखावा.

पाणी पिण्याची तऱ्हाही बघा. चिमणी एक घोट घेते, मान वर करते, मग गिळते. होला मात्र मान खालीच ठेवतो अन् गुरासारखे पाणी ओढतो.

परळ मातीचे, पसरट असावे. पाणी दोन बोटेच भरावे. खोल पाण्यात लहान पाखरू बुडते. मध्ये एक खडबडीत दगड ठेवावा. परळ झुडपाला चिकटून ठेवू नये. तिथे मांजर दबा धरते. रोज परळ घासावे, पाणी बदलावे. साचल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डास होतात. मग आपल्याच घरात हिवताप, डेंग्यू यायचा.

चिमण्या, साळुंक्या आपल्या पिलांना अळ्या-किडे भरवतात. त्यांतले कितीतरी किडे आपले पीक खातात. तेव्हा पाखरांना पाणी देणे हे पुण्य तर आहेच, शेताची राखणही आहे.