कष्टाचे चीज कसे होईल? खोडदच्या दुर्बिणीचा धडा

आपल्या माणसांना कष्ट शिकवावे लागत नाहीत. गिरणीत, रेल्वेत, नगरपालिकेत, दुसऱ्याच्या शेतावर आपल्या आईबापांनी हाडे झिजवली. प्रश्न आहे तो त्या कष्टाचे चीज कसे होईल हा. त्याचेही शास्त्र आहे, आणि त्याचा नमुना जुन्नर तालुक्यात खोडदला उभा आहे.

नारायणगावजवळच्या या गावी टाटा मूलभूत संशोधन संस्थेची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. डॉ. गोविंद स्वरूप (१९२९–२०२०) यांच्या नेतृत्वाखाली ती १९९०च्या दशकात उभी राहिली. आकाशातून येणाऱ्या अतिक्षीण रेडिओ लहरी ती टिपते. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. १४ मध्यभागी, तर १६ तीन दिशांना सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पसरलेल्या.

पहिला धडा अनावश्यक ओझे टाकण्याचा. या तबकड्या पत्र्याच्या नाहीत, बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. टिपायच्या लहरी वीतभरापासून मीटर-दोन मीटर लांबीच्या. त्या जाळीतून निसटत नाहीत. वारा मात्र आरपार जातो. म्हणून सांगाडा हलका झाला आणि खर्च वाचला. काम कमी केले नाही, फुकटचे वजन कमी केले.

दुसरा धडा शांततेचा. रेडिओचा गोंगाट कमी म्हणून ही जागा निवडली गेली. आपल्या दहा बाय दहाच्या खोलीत मूल अभ्यासाला बसते तेव्हा टीव्ही चालू, मोबाईल चालू, पाहुणे बसलेले. मग ‘पोराचे लक्षच नाही’ म्हणून आपण त्यालाच बोल लावतो. रोज एक तास साऱ्या घराने आवाज बंद ठेवावा. याला पैसा लागत नाही.

तिसरा धडा एकजुटीचा. तीसही तबकड्यांचे संकेत एकत्र जुळवले जातात, तेव्हाच एका तबकडीला न दिसणारे बारकावे दिसतात. घरातही पाणी, स्वयंपाक, धुणे एकट्या आईवर टाकून तिच्याकडून दुप्पट कामाची अपेक्षा ठेवणे हे शास्त्र नव्हे, अन्याय आहे.

विश्रांती म्हणजे आळस, हा समजही खोटा. पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या दारूगोळा कारखान्यांत तपासणी झाली. फार लांब पाळ्या कमी केल्यावरही एकूण उत्पादन घटले नाही, असे तेथे दिसून आले. थकलेला हात तासभर जास्त चालतो, पण काम कमी देतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. १९४६च्या कारखाना कायदा दुरुस्तीने कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. ती मेहेरबानी नव्हती. माणसाला वाचायला, शिकायला, लेकरांजवळ बसायला वेळ हवा, हा त्याचा हक्क होता.

अभ्यासाचेही तसेच. जर्मन शास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी १८८५ साली दाखवले की एकदा पाठ केलेले झपाट्याने विसरते, पण दिवसांचे अंतर ठेवून उजळणी केली की टिकते. परीक्षेच्या आदल्या रात्री जागण्यापेक्षा रोजचा अर्धा तास आणि पुरेशी झोप मोलाची.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनी खोडदला प्रदर्शन भरत आले आहे. चौकशी करून मुलांना, विशेषतः मुलींना, जरूर न्या. त्या जाळीखाली उभे राहून त्यांनी प्रश्न विचारावेत, हीच आमची इच्छा.