नानासाहेब गोरे लंडनला का गेले?

1977 साली जनता सरकारने ना. ग. ऊर्फ नानासाहेब गोरे यांना भारताचे उच्चायुक्त म्हणून लंडनला पाठवले, तेव्हा परराष्ट्र सेवेचा त्यांना काडीचाही अनुभव नव्हता. ज्येष्ठ नेत्याची सोय लावायची तर त्याला परदेशी धाडायचे, ही दिल्लीची जुनी रीत. हाही त्यातलाच प्रकार, असे कुणी म्हणेल. मला ही नेमणूक अचूक वाटते. त्यांच्या आधी तिथे होते ब्रजकुमार नेहरू. आयसीएसमधले, कसलेले मुत्सद्दी. आणीबाणीत त्यांनी लंडनमध्ये तिचे जाहीर समर्थन केले. सरकारची बाजू मांडणे हे त्यांचे कामच होते. पण त्याच तोंडाने आता लोकशाही परतल्याचे सांगितले असते, तर ऐकणाऱ्यांनी विश्वास कशावर ठेवायचा? त्याच वर्षी वॉशिंग्टनला गेले नानी पालखीवाला. आणीबाणी जाहीर होताच इंदिरा गांधींचे वकीलपत्र सोडणारे. दोन्ही निवडींमागचा हिशेब उघड दिसतो.

गोऱ्यांपाशी अनुभव नव्हता, पण शब्दाला वजन होते. देवगडजवळच्या हिंदळ्यात जन्मलेला, काँग्रेस समाजवादी पक्षात घडलेला हा माणूस 18 मे 1955 रोजी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रहींची पहिली मोठी तुकडी घेऊन तेव्हा पोर्तुगीजांच्या ताब्यात असलेल्या गोव्याच्या हद्दीत शिरला. हाती शस्त्र नव्हते. पोर्तुगीज पोलिसांनी मारहाण केली आणि पुढे आग्वादचा तुरुंग वाट्याला आला. 1957 मध्ये सुटका झाली, आणि त्याच वर्षी पुण्यात काकासाहेब गाडगिळांसारख्या मातब्बराला हरवून ते लोकसभेत गेले. गंमत अशी, की ते ज्या देशात उच्चायुक्त झाले तो पोर्तुगालचा सर्वांत जुना दोस्त. 1961 मध्ये गोवामुक्तीनंतर सुरक्षा परिषदेत ब्रिटनने भारताच्या विरोधात मत दिले होते.

प्रशिक्षणाचा आक्षेप उरतो. पण व्हिसा, व्यापार, करारमदार ही रोजची कामे उच्चायुक्तालयातले सेवेतले अधिकारी सांभाळतातच. खरा आक्षेप वेगळा आहे: राजकीय माणूस सरकारबरोबर येतो आणि सरकारबरोबर जातो. गोऱ्यांची कारकीर्दही 1979 मध्ये संपली, जनता सरकार कोसळले त्याच वर्षी. हे मान्यच करायला हवे. शांत काळात सेवेतला अधिकारीच बरा, आणि निवडणूक हरलेल्यांना वकिलाती वाटण्याचे समर्थन तर गोऱ्यांच्या नावाने मुळीच करता येणार नाही. मात्र देशाला स्वतःविषयी कालपेक्षा वेगळे काही सांगायचे असते, तेव्हा ते सांगणाऱ्याने आधी त्याची किंमत मोजलेली असावी लागते. 1977 साली गोऱ्यांची ती मोजून झाली होती.