परिचालन प्रणाली
संगणकाचा मध्यवर्ती प्रक्रियक, स्मृती, चुंबकीय तबकडी व इतर साधने यांचे नियंत्रण करणारा आणि ती निरनिराळ्या आज्ञावलींना वाटून देणारा मूलभूत आज्ञावलींचा संच. त्यामुळे आज्ञावलीकारास प्रत्येक साधनाचा तपशील स्वतः हाताळावा लागत नाही.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये कार्यान्वित झालेल्या टिफ्रॅक संगणकाची स्मृती २,०४८ शब्दांची असून प्रत्येक शब्द ४० द्विमान अंकांचा होता. त्यावरील आज्ञावली यंत्रभाषेत लिहीत. साहजिकच स्मृतीची काटकसर व यंत्ररचनेचे ज्ञान ही आज्ञावलीकाराची मुख्य कौशल्ये ठरत. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केनेथ टॉम्पसन व डेनिस रिची यांनी १९६९ पासून विकसित केलेली युनिक्स प्रणाली १९७३ मध्ये सी भाषेत पुन्हा लिहिण्यात आली. परिणामी ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणे सुलभ झाले.

अभिकल्प : प्रत्येक आज्ञावलीने एकच काम नीट करावे व अशा आज्ञावली जोडून मोठे काम साधावे, हे युनिक्स परंपरेचे सूत्र होय. प्रणालीच्या गाभ्याविषयी मात्र मतभेद आहेत. गाभा लहान ठेवून इतर सेवा त्याबाहेर असाव्यात, असे अँड्र्यू टॅनेनबाउम यांचे मत. तर लिनक्सचे जनक लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी एकसंध गाभ्याचा पुरस्कार केला. १९९२ मध्ये या दोघांत जाहीर वाद झाला. पहिल्या पद्धतीत एका सेवेतील दोष इतरत्र पसरण्याचा धोका कमी असतो. दुसरीत सेवांमधील देवघेव जलद होते. यंत्रांचा वेग वाढतो त्याहून झपाट्याने सॉफ्टवेअर अवजड होते, असे निकलाउस व्हिर्ट यांनी १९९५ मध्ये दाखवून दिले.

देवनागरी लिपी : कोणते काम प्रणालीने करावे या प्रश्नाचे महत्त्व मराठीच्या बाबतीत स्पष्ट दिसते. पुण्याच्या प्रगत संगणन विकास केंद्राने (सी-डॅक, स्थापना १९८८) प्रसृत केलेल्या जिस्ट तंत्रात भारतीय लिप्यांसाठी संगणकात जादा पत्रक बसवीत. पुढे अनेक मराठी सॉफ्टवेअरांनी आपापल्या टंकांनुसार निरनिराळे संकेतांक वापरले. तो टंक नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक चिन्हांत दिसे. युनिकोड हा समान संकेत परिचालन प्रणालींनीच स्वीकारल्यावर (उदा., विंडोज २०००) ही अडचण पुष्कळशी दूर झाली. जुन्या संकेतांतील मजकुराचे मात्र रूपांतर करावे लागते.