वर्तमानपत्राचे कव्हर

गेल्या मे महिन्यात आमच्या आत्याचा सदाशिव पेठेतला वाडा पाडायला निघाला. सामान आवरायला म्हणून मी गेले. माळ्यावरच्या ट्रंकेत पितळी डबे होते, लग्नातला शालू होता आणि तळाशी वर्तमानपत्राचे कव्हर घातलेली एक कादंबरी होती. शीर्षकाचे पान गळालेले, शेवटचीही आठदहा पाने गेलेली. आत एका सर्क्युलेटिंग लायब्ररीचा जांभळा शिक्का. 'पाहू तरी काय आहे' म्हणून शिडीवर उभ्याउभ्याच उघडली. पायांना मुंग्या आल्या तेव्हा खाली उतरले, पण पुस्तक काही मिटवेना.

खरे सांगायचे तर भाषा बेताचीच होती. नायिकेचे डोळे दर चार पानांनी टपोरे होत होते आणि नायकाला काही कामधंदा दिसत नव्हता. एरवी वर्गात मी अशा मजकुराचे वाभाडे काढले असते. पण पावसात अडकलेली ती दोघे एका खोलीत आली, दिवे गेले, आणि मी चक्क श्वास रोखून पान उलटले! पुढे काय होणार हे कोणालाही कळावे. ते केव्हा होणार, एवढाच प्रश्न. लेखक मोठा लबाड. हात हातात आला की बाहेरून कोणीतरी कडी वाजवी. दार उघडून पुन्हा लावीपर्यंत चार पाने जात. ती चार पाने मी भराभर वाचली आणि पाचवे फार सावकाश. वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, एम. ए.ची पदवी पदरी असताना, माझे कान तापले होते.

"आत्या, हे तू वाचलंस?"

"तीनदा," आत्या वर न पाहता म्हणाली. ती कपबशा कागदात गुंडाळीत होती.

"कोणाची गं ही?"

"काकोडकरांची, नाहीतर आणखी कोणाची. तेव्हा नाव कोण बघत होतं! अगं, घरात नऊ माणसं आणि खोल्या दोन. तुझ्या मामांशी चार शब्द बोलायचे तर देवळात जावं लागे. पुस्तकात तरी कोणीतरी कोणाशी दार लावून बोलत होतं."

मी गप्प झाले. काकोडकरांचे नाव आम्हां मराठीच्या प्राध्यापकांना माहीत असते ते खटल्यापुरते. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ सालच्या 'रंभा' मासिकाच्या दिवाळी अंकात आली आणि पुण्यातल्या एका गृहस्थांनी अश्लीलतेची फिर्याद गुदरली. पुण्याच्या मॅजिस्ट्रेटांनी लेखकाला सोडले, मुंबई उच्च न्यायालयाने दोषी धरून २५ रुपये दंड केला आणि १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तोही रद्द केला. लिखाण तुकडे काढून नव्हे तर सबंध वाचून जोखावे, आणि स्त्रीपुरुषसंबंधांचा नुसता उल्लेख म्हणजे अश्लीलता नव्हे, असा त्या निकालाचा आशय होता. गंमत अशी की, त्याच साली याच लेखकाच्या 'नीलांबरी'वरून निघालेला 'दो रास्ते' हा चित्रपट आयाबाया मुलांसकट पाहत होत्या.

हे सारे मी वर्गात सांगतेही. लेखकाचा गुन्हा, न्यायाधीशांचे मत, कलम २९२. पण वाचणाऱ्या बाईला ते वाचताना काय मिळत होते, हे वीस वर्षांत मी एकदाही विचारले नव्हते.

उलट एक गोष्ट मनात सलत राहिली. सातआठ वर्षांपूर्वी एका मुलीने 'माझे आवडते पुस्तक' म्हणून अशाच एका शृंगारिक कादंबरीवर चार पाने लिहून दिली होती. भाबडी होती, पण मनापासून लिहिलेली होती. मी लाल शाईने शेरा मारला : 'अभिरुची सुधारावी.' पुढच्या वेळी तिने एका थोर कादंबरीवर गाइडातून उतरवलेली दोन पाने आणून दिली. मी तिला चांगले गुण दिले. त्यानंतर वर्षभर ती वर्गात एक शब्द बोलली नाही. आता ती कोठे असते, मला ठाऊक नाही.

जूनमध्ये कॉलेज उघडल्यावर पहिल्याच तासाला मी विचारले, "सुट्टीत निव्वळ मजेसाठी काय वाचलंत?" सारे चिडीचूप. मग मीच शिडीची हकीकत सांगितली. ते टपोरे डोळे, ती कडी, ते पाचवे पान. वर्ग खो खो हसला, आणि मागच्या बाकावरून एक हात हळूच वर झाला. पुढचा पाऊण तास मला बोलायला फुरसतच मिळाली नाही.

परवा आत्याच्या नव्या फ्लॅटवर गेले होते. "शेवटची पानं नाहीत गं, पुढे काय होतं?" मी विचारले.

"लग्न होतं. दुसरं काय होणार?" आत्या म्हणाली. मग चष्मा शोधीत तिने हात पुढे केला, "पण तुझं वाचून झालं असेल तर आण इकडे."